दाजींनी निवडलेलं बेट

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं तरी मला प्रश्न पडतो, की आजच का भरलं? वर्गात एखाद्याचा निबंध चांगला उतरला की मी आधी त्याच्या थोरल्या भावाची चौकशी करतो. घरचे हसतात, मीही हसतो. पण बहात्तरच्या दुष्काळात मी जे केलं, ते हसण्यावारी नेता येत नाही.

तेव्हा मी राहुरीकडच्या बेलापूरला इंग्रजीचा मास्तर होतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, राहुरीजवळच्या एका खेड्यात दिलेली. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे लग्न होऊन जाताना तिने मलाही बरोबर नेलं होतं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या दाजींनी, त्यावर कधी कपाळाला आठी घातली नाही. मॅट्रिक होईपर्यंत मी त्यांच्याच घरी वाढलो. नोकरी लागल्यावरही दर रविवारी एस. टी. पकडून त्यांच्याकडे जायचा माझा नेम होता.

दाजी विहिरीत बुड्या मारायचे. तेच त्यांचं पोट भरायचं साधन. कुणाची कळशी पडली, कुणाच्या इंजिनाच्या पाइपाला बुडाशी जी जाळीची झडप असते ती गाळाने बंद झाली, की माणूस सायकल हाणत दाजींकडे यायचा. दाजी कमरेला दोर बांधायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि काठावरून सरळ खाली. त्या दोराचं दुसरं टोक सोळाव्या वर्षापासून माझ्या हातात होतं. त्यांच्या घराण्यात रीतच तशी होती. बुडी मारणाऱ्याचा दोर बायकोच्या भावाने धरायचा. सख्ख्या भावाने नाही, मित्राने तर नाहीच. दुसऱ्या कुणाचा हात सुटला तर त्याचं काही जात नाही, मेहुण्याची मात्र बहीण विधवा होते. रीत मुळात संशयातून निघालेली, म्हणून मला ती फार पटायची.

दुष्काळाच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या बाजूच्या एका धरणावर पाण्याखालची दारं तपासायला मुंबईहून माणसं आली होती. पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडात नळी, पायात बदकासारखे रबरी पंजे. त्यांचा मुख्य एक गोरा साहेब होता. हाताखाली स्थानिक माणूस हवा म्हणून दाजींना घेतलं. साहेबाची माणसं टाक्या बांधेपर्यंत दाजी बुडी मारून खालचा गाळ कुठे किती आहे ते सांगून मोकळे व्हायचे. साहेब खूष झाला. शेवटच्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने दाजींच्या पाठीवर टाकी बांधली आणि त्यांना पाण्यात नेलं. रात्री भाकरीला बसल्यावर दाजी आक्काला एवढंच म्हणाले, "खाली बसून श्वास घेतला गं. बसून!"

पुढच्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं. विहिरींचे तळ दिसायला लागले. गावात माणसं पाण्यासाठी वणवण करत होती, आणि दाजींच्या धंद्याला तर पाणीच उरलं नव्हतं. ते आणि आक्का दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. आक्काच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. मी पगारातलं काही देऊ केलं तर दाजी म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या मास्तर, तुमी ईष्टीनं येता त्येच लई हाय."

अशात ते पाकीट आलं. पोस्टमन स्वतः खडीच्या ढिगापर्यंत घेऊन आला, कारण तिकिटांवर पोपट होते आणि असं पाकीट त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. दाजींनी ते रविवारपर्यंत फोडलं नाही. मी गेल्यावर माझ्यापुढे ठेवलं.

पत्र साहेबाचं होतं. त्याने लिहिलं होतं, की तो आणि त्याचा एक भागीदार कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर पाण्याखाली फिरायला शिकवायची जागा काढणार आहेत. गिऱ्हाईक म्हणजे सुट्टीवर आलेली साधी माणसं, म्हातारी-कोतारीसुद्धा. त्यांना होडीतून उडी मारायला लावायचं नाही. पाठीवर टाकी बांधायची आणि किनाऱ्यावरून चालत चालत पाण्यात न्यायचं. त्यासाठी तीन बेटं त्याने पाहून ठेवली होती आणि तिन्हींचे रंगीत फोटो धाडले होते. शेवटी लिहिलं होतं: तुझ्याइतकं पाणी ओळखणारा माणूस मी पाहिला नाही. यातलं कोणतं घ्यावं, ते तू सांग. आणि दोन वर्षांसाठी माझ्याबरोबर कामाला ये. प्रवासाचं सगळं मी बघतो.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाल कसली, सगळं छप्परच चुकचुकायला लागलं. कॅरिबियन समुद्र कुठे, राहुरी कुठे! मी शाळेचा नकाशा आणून पाहिला. तो भाग म्हणजे वेस्ट इंडीज. आदल्या वर्षी आपला क्रिकेटचा संघ तिकडे जिंकून आला होता, तेवढीच माझी ओळख. साहेबाच्या पदरी इंजिनिअर असतील, यंत्रं असतील, आणि तो खडी फोडणाऱ्या माणसाला विचारतोय, की बेट कोणतं घेऊ? बरं, पैसे मागितले असते तर मी समजलो असतो, की लुबाडायला निघालाय. यात काहीच मागितलं नव्हतं. काहीच न मागणारा माणूस मला जास्त भीतीचा वाटतो.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हणालो.

"मुरू द्या," दाजी म्हणाले. "हितं तर मुरायला बी न्हाई. फोटू दावा."

पोत्यावर फोटो मांडून ते बसले. विहीर पारखायला बसायचे तसेच, उकिडवे, हात गुडघ्यांवर. पहिल्या बेटाचा फोटो मला सगळ्यात देखणा वाटला होता. पांढऱ्या लाटा, माडांची रांग. दाजींनी माडांवर बोट ठेवलं.

"समदी झाडं एकाच अंगाला वाकल्यात. वारं कायम हिकडनं मारतं. ह्या काठाला पानी कदीच निवांत नसनार. नवं मानूस लाटंनंच गांगरून जाईल."

दुसऱ्या फोटोत शांत निळं पाणी होतं आणि होड्या उभ्या होत्या. मला वाटलं, आता हेच. दाजींनी तो उन्हाला धरला.

"होड्यांची तोंडं बघा मास्तर. सात होड्या अन् साती एकाच दिशेला. खाली वढ हाय. आन काठालाच पानी काळंनिळं. म्हंजी आपल्या हिरीवानी, पयला पाय टाकला की गेला खाली. हितं चालत न्हेता येत न्हाई."

खरं सांगतो, माझा संशय तिथे घटकाभर गप्प झाला. मी इंग्रजीचा मास्तर, आणि तो फोटो मला वाचता आला नव्हता.

तिसऱ्या फोटोत झाडं सरळ होती, दोनच होड्या होत्या आणि त्यांची तोंडं दोन दिशांना. पाणी काठाला जवळजवळ पांढरं, मग पोपटी, आणि लांबवर गडद. त्या पाण्यात मांडीपर्यंत उतरलेली एक गोरी बाई होती. अंगावर कपडे जेमतेम. आक्काने एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली. दाजी मात्र तो फोटो खाली ठेवीनात. जवळ धरून बघत, लांब धरून बघत. मग म्हणाले, "ह्यो माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

तिथून माझं डोकं फिरलं.

पुढचे दोन-तीन रविवार मी डोळ्यांत तेल घालून पाहत राहिलो. मी अंगणात शिरलो की दाजी आणि आक्काचं बोलणं तुटायचं. एकदा सुट्टी होती म्हणून न सांगता मी थेट कामावरच गेलो. दुपारची वेळ, माणसं बाभळीच्या तुकडाभर सावलीत पडली होती. दाजी एका बाजूला बसलेले. त्यांनी खिशातून तो फोटो काढला, अंगठ्याने बाईचा चेहरा झाकला आणि खालची बाई बघत बसले. गालातल्या गालात हसतही होते. मी हाक न मारता तसाच मागे फिरलो.

एस. टी.त बसून मी सगळा हिशोब जुळवला. दोन वर्षं म्हणतात, माणूस तिकडेच राहतो. तसल्या बायकांना हात धरून पाण्यात न्यायचं काम. आक्का इथे खडी फोडत म्हातारी होणार, आणि मला वाढवलेल्या त्या बाईला मीच पत्रं वाचून दाखवणार, पत्रं येत असतील तोपर्यंत. मला रडू आलं. रागही आला. ज्या माणसाने मला पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याच्याबद्दल मी असं चिंततोय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असेल, तर मी ते बाजूला सारलं.

पुढच्या रविवारी सकाळी दाजी म्हणाले, "लिवा मास्तर, उत्तर." आणि सांगायला लागले. तिसरं बेट घ्यायचं, ते का घ्यायचं, पहिली दोन का नाहीत. माडांचं सांगितलं, होड्यांचं सांगितलं. पहिल्या दिवशी कुणालाही कमरेच्या वर न्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत. टाकी पाण्यात उभं राहिल्यावर बांधायची, म्हणजे ओझं वाटत नाही. उतरताना तोंड काठाकडे ठेवायचं, म्हणजे भीती कमी वाटते. "आन लिवा, मी येतो."

आक्का दाराशी भाकरीचं पीठ मळत ऐकत होती. मी लिहीत होतो. मी इंग्रजीत लिहिलं: आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. घरच्या अडचणीमुळे मला येणं शक्य नाही. बेटांबद्दल मला काही सांगता येणार नाही.

तीन ओळी. आपण बहिणीचा संसार वाचवतोय, अशा तोऱ्यात मी लिहिलं. दाजींनी खाली मराठीत सही केली, एकेक अक्षर जोडत.

"समदं लिवलं?"

"सगळं."

"द्या मग. मीच टाकतो पोष्टात."

मला त्याचाही संशय आला. मी परत जाताना राहुरीवरूनच जाणार होतो, पाकीट माझ्याकडे द्यायला काय हरकत होती? पण आतला मजकूर माझाच होता, म्हणून मी फार विचार केला नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. दाजी काही विचारत नसत. विचारायची ती आक्का. दर रविवारी मी दारात पाऊल टाकलं की पाण्याचा तांब्या हातात देता देता ती म्हणायची, "तिकडचं टपाल यायला किती दिस लागत्यात रं?" मी म्हणायचो, लागतात दोन महिने. पुढे म्हणायचो, तीन. ती बोटांवर मोजायची. त्या बोटांकडे मला बघवत नसे. त्यांनी जावं असं तिलाच वाटतंय, हे मला उशिरा उमगलं. मी तिला न राहवून विचारलं, "तुला भीती नाही वाटत? एवढ्या लांब, तसल्या बायकांत?"

ती एवढी हसली की तिला ठसका लागला. देवाच्या फळीवरून तिने तो फोटो काढून आणला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. मागे पेन्सिलीने आडव्या रेघा मारलेल्या होत्या, खालून वर, एकावर एक.

"बाईचं त्वांड कोन बघतंय! ती कुटं उबी हाय, पानी कुटवर आलंय, तिच्या मागची पावलं किती, आसं मोजत बसायचं ह्ये. ही घोट्याची रेग. ही गुडग्याची. काठापासनं इतकी पावलं गेली तरी मांडीवरच पानी हाय, म्हंजी उतार लई सावकाश हाय, म्हनायचे. मला बी ह्या अंगनात चालवलं. डोळं मिटून. हितं घोटा, हितं गुडगा, हितं थांब, धा मोज. मी म्हनलं, लोकं येडं म्हनतील. तू आलास की म्हनून तर गप बसायचो आमी."

मग हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "दोन वर्सं जाऊ देत की त्येंनी. दगडावर घन मारताना त्येंच्याकडं बघवत न्हाई मला. पान्यातलं मानूस हाय त्ये."

त्या वेळी मी तिला सांगायला हवं होतं. दुसरं पत्र लिहायला हवं होतं, तार करायला हवी होती, साहेबाचा पत्ता माझ्या डायरीत होता. मी यातलं काहीही केलं नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती की आक्काच्या नजरेतून मी उतरेन. मी म्हणालो, येईल उत्तर. साहेबाची एक चार ओळींची चिठ्ठी खरंच आली, माझ्या समोरच. दुःख वाटलं, पण समजू शकतो, असं त्याने लिहिलं होतं. मी ती वाचून दाखवली ती अशी, की जागा मिळाली नाही, बेत रहित झाला. दाजी म्हणाले, "बरं." आणि कामावर निघून गेले.

त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. विहिरींना पाणी आलं आणि दाजींना पहिलं बोलावणं आलं ते नदीकडच्या एका मळ्यातून. इंजिन पाणी ओढत नव्हतं. रविवार होता, मी दोर घेऊन बरोबर गेलो. मळेवाला इंजिनाकडे खटपट करत होता, काठावर आम्ही दोघंच. दाजींनी कमरेला गाठ मारली. एवढ्या दिवसांनी भरलेलं पाणी पाहून त्यांचा चेहरा उजळला होता, आणि तो बघून माझ्या तोंडून निघून गेलं.

"दाजी, साहेबाचं ते पत्र. मी तुम्ही सांगितलं ते लिहिलं नव्हतं."

"ठावं हाय," ते म्हणाले.

त्यांनी कमरेची गाठ एकदा ओढून पाहिली.

"मी बोललो लई आन तुमी लिवलं तीन वळी. तवाच पानी हाललं, म्हनलं ह्यात कायतरी हाय. राहुरीच्या शेतकी इद्यापीठात एक क्लार्क हाय वळखीचा, त्येच्याकडनं वाचून घेतलं."

"मग टाकलंत कशाला? फाडायचं होतं. त्याच्याकडूनच दुसरं लिहून घ्यायचं!"

दाजींनी पाण्याकडे बघत सांगितलं. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "वरचा मानूस नगं म्हनला की खालच्यानं उतरायचं न्हाई. का म्हनून इचारायचं बी न्हाई. माज्या बानं मला आदी ह्येच शिकवलं, बुडी मागनं. वरच्याला जे दिसतं ते खालच्याला दिसत नसतंय. मी म्हनलं, तुमी शिकल्यालं मानूस. त्या पत्रात तुमाला कायतरी वंगाळ दिसलं आसंल. आक्काला सांगितलं आसतं तर तिला वाईट वाटलं आसतं तुमच्याबद्दल. म्हनून टाकलं तसंच."

मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. वर्षभर पोटात ठेवलेला प्रश्न त्यांनी अगदी साधेपणाने विचारला. "काय दिसलं हुतं तुमाला, मास्तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. साहेब लबाड वाटला, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. त्यांनी ते मानलंही असतं.

"काही दिसलं नव्हतं," मी म्हणालो. "त्या फोटोतल्या बाईवरून मला तुमचाच संशय आला."

मळेवाल्याने तिकडून हाक मारली, उतरताय ना? दाजींनी हात वर केला. मग कमरेची गाठ सोडली, दोराचं ते टोक गुंडाळून माझ्या पायाशी ठेवलं, छाती भरून श्वास घेतला आणि उडी मारली. पाणी हललं, मग थांबलं. मी रिकाम्या हातांनी काठावर उभा राहून आकडे मोजत होतो. ते वर आले तेव्हा मुठीत जाळीवरून खरवडलेला गाळ होता. "लावा इंजिन," ते मळेवाल्याला ओरडून म्हणाले.

घरी येईपर्यंत आम्ही पिकापाण्याचं बोललो. माझ्याशी ते नेहमीसारखेच बोलत होते. अंगणात आल्यावर आक्काने माझ्या खांद्यावरचा दोर उतरवून घेतला आणि वाळत घालायला कुंपणाकडे नेला. तिथेच ती थांबली. दोर हातात चाचपत तिने विचारलं, "दोर कोरडा कसा रं?"

मी दाजींकडे पाहिलं.

"आज लागला न्हाई," ते म्हणाले, आणि पाय धुऊन जेवायला बसले.